संशोधनाचा पैसा तपासणीवरच का नको?

प्रश्न : जन्मानंतरच्या रक्ततपासणीत माझ्या मुलीचा थायरॉइडचा दोष कळला. आता ती रोज गोळी घेते आणि छान वाढते आहे. मग संशोधनाला पैसा देण्याऐवजी तो सगळा तपासणीवरच का खर्च करू नये?

उत्तर : ताई, लेक छान वाढते आहे हे वाचून आनंद झाला. पण तपासणी कोणत्या आजारांसाठी करायची, हे संशोधनामुळेच ठरतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच केंद्रांतील एक लाखाहून अधिक नवजात बालकं तपासली. साधारण 1,130 मध्ये एकाला हा दोष आढळला. पाश्चात्त्य देशांत पूर्वी 3,000 ते 4,000 मध्ये एक असं प्रमाण मानलं जाई. परदेशी आकड्यांवर विसंबून राहिलो असतो, तर आपली गरज कळलीच नसती.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2019 मध्ये आनुवंशिक आजारांसाठी ‘उम्मीद’ उपक्रम सुरू केला. तरीही निदानानंतर मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांना निधी हवाच. कोणाची गोळी कधी थांबवता येईल, हे त्यातूनच उमगतं. तुम्ही मुलीचे सर्व अहवाल जपा आणि अशा अभ्यासाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. गोळी मात्र त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नका.