विमानाचा आवाज आणि वैमानिकाचा हात

११ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या पेडणे तालुक्यात दोन संस्थांचे उद्घाटन झाले. एक मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, आणि दुसरी आपल्या धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था. ५ जानेवारी २०२३ पासून मोपावरून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. विमानास गर्जनेवाचून उडता येत नाही. रुग्णास आणि अभ्यास करणाऱ्या मुलास शांततेवाचून चालत नाही. या दोहोंचा मेळ घालण्यात वैमानिकाचा वाटा कोणता, ते पाहू.

विमानाच्या आवाजाची मुख्य कारणे दोन: एंजिनांचा रेटा आणि विमानाच्या अंगावर आदळणारी हवा. विमान पायरीपायरीने उतरले, तर प्रत्येक पायरीवर उंची टिकविण्यासाठी रेटा वाढवावा लागतो. अखंड उतार धरला, तर एंजिने जवळजवळ विसावतात; पठारावरून उतरणारा सायकलस्वार पायडल न मारताच खाली येतो, तसेच हे. शिवाय विमान अधिक काळ उंचावर राहते. शेवटचा उतार बहुधा तीन अंशांचा असतो. म्हणजे धावपट्टीपासून दहा किलोमीटरांवर विमान तिच्या पातळीहून सुमारे ५२० मीटर उंच असते. चाके आणि पंखांच्या झडपा फार लवकर उघडल्या, तर गोंगाट वाढतो व रेटाही अधिक लागतो. म्हणून सुरक्षिततेस बाध न येईल इतपत त्या उशिरा उघडतात. धावपट्टी कोरडी व पुरेशी लांब असल्यास उलट रेटाही अल्पच वापरता येतो.

उड्डाणाची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यासाठी दोन रीती दाखविल्या आहेत. दोन्हींत निदान ८०० फूट उंची गाठल्यावरच रेटा कमी करावयाचा. पहिलीत ३,००० फुटांपर्यंत वेग फारसा न वाढविता उंची घ्यावयाची. तीत विमानतळालगतच्या गावांस दिलासा मिळतो. दुसरीत लवकर वेग घेऊन झडपा मिटावयाच्या. तिचा लाभ दूरच्या गावांस होतो. म्हणजे एका वाड्यावरचा भार हलका करताना तो दुसऱ्या वाड्यावर पडू शकतो.

म्हणून ही निवड वैमानिकाने एकट्याने करावयाची नसते. विमानतळाचे नियम, नियंत्रकाची आज्ञा, वारा, आपल्याकडचा मुसळधार पाऊस, हे सारे पाहावे लागते, आणि सुरक्षितता सर्वांत आधी. मात्र नियम ठरविताना खालच्या गावांचा शब्दही ऐकला जावा, हे न्याय्य होय.

तुमच्यापैकी कोणी उद्या वैमानिक झालाच, तर त्याने इतके स्मरावे, की खाली दिव्यापाशी कोणीतरी वाचीत बसले आहे.