नरक्या : मुळासकट विकू नये असे झाड

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील दाट रानात नरक्या नावाचा लहानसा वृक्ष आढळतो. पाने फांद्यांच्या टोकाशी दाटीने येतात. पावसाळ्यात शेंड्यांवर फिकट पिवळ्या, बारीक फुलांचे झुबके धरतात व त्यांस अशी दुर्गंधी येते की नावाचा अर्थ निराळा सांगावयास नको. पुढे हिरवी फळे लागतात. पिकल्यावर ती जांभळट काळी होतात. फळात बी एकच असते.

१९६६ साली अमेरिकेत वॉल व वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. तेच द्रव्य नरक्यात असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखविले. त्यापासून तयार केलेली औषधे अंडाशयाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात. तेव्हापासून या झाडास मागणी आली आणि तिथेच त्याचे दैव फिरले. द्रव्य खोडात असते तसेच मुळातही असते. म्हणून व्यापारी झाड मुळासकट मागतो. मालकी रानातील झाडे ठोक भावाने देऊन टाकणाऱ्या शेतकऱ्यास पैसा एकदाच मिळतो. मूळ गेले की बीही गेले, फूटही गेली.

वास्तविक बुंधा राखून तोडलेल्या नरक्यास पुन्हा धुमारे फुटतात. सबब ज्यास विक्री करावयाची असेल त्याने जमिनीपासून वीतभर बुंधा ठेवूनच तोड करावी, मुळास हात लावू देऊ नये आणि बियांसाठी काही मोठी झाडे मुळीच तोडू नयेत. झाड स्वतःच्या बांधावरचे असले तरी तोडीपूर्वी व वाहतुकीपूर्वी वन विभागाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी. व्यापाऱ्याचा शब्द म्हणजे परवाना नव्हे.

रोपांसाठी पिकलेली फळे वेचावीत, गर धुऊन काढावा व बी वाळवत न ठेवता ताजेच पेरावे. कोवळ्या रोपांस सावली हवी. उघड्या माळावर ती टिकत नाहीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट घरोघर सांगावी. कर्करोगावरील औषध या झाडापासून होते असे ऐकून कोणी सालीचा काढा करून घेऊ नये. मूळ द्रव्य विषारी आहे. कारखान्यात त्यात फेरफार करून, मात्रा ठरवूनच ते रुग्णास देतात.