लाल पालवी आणि बर्फातील मॉस

मार्च महिना लागला की डहाणूहून तलासरीकडे जाताना रानातील कोशिंबाचे झाड दुरूनच ओळखू येते. झाडाने पेट घेतला आहे की काय, असे वाटावे इतकी त्याची कोवळी पाने लाल असतात. आंब्याची पालवीही तांबूस असते. काही दिवसांनी ही सारी पाने हिरवी होतात. एकदा वर्गात एका मुलीने विचारले, “सर, पान सुरुवातीपासूनच हिरवे का नसते?”

प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर शोधत आपल्याला थेट अंटार्क्टिकापर्यंत जावे लागेल.

सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही असतात. तुमच्या उर्दू पुस्तकात त्यांना ‘बालाए बनफ्शी शुआएँ’ म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांत ‘जंबुपार किरण’ असा शब्द आढळतो. बनफ्शी म्हणजे जांभळा. त्या रंगाच्या पलीकडचे ते बनफ्शीपार! हे किरण पेशीतील डीएनएला इजा करतात. डीएनएच्या साखळीतील शेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटतात आणि पेशीला आपला मजकूर नीट वाचता येत नाही. ऊन वाढले की आपण सावलीत जातो. झाडाला पाय नाहीत. म्हणून ते आपली छत्री स्वतःच तयार करते. पानाच्या वरच्या थरात काही रंगहीन द्रव्ये साठतात व ती अतिनील किरण शोषून घेतात. कोवळ्या पानातील लाल रंगही तीव्र उन्हापासून बचाव करतो, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. किडींना दूर ठेवण्यासाठी तो असावा, असेही काहींचे मत आहे.

डहाणूत मे महिन्यात भर दुपारी आपली सावली पायाखाली येते. असे ऊन आपल्या झाडांनी पिढ्यान्पिढ्या सोसले आहे. अंटार्क्टिकात मात्र सूर्य नेहमी तिरपा. तेथील वनस्पतींना कडक अतिनील किरणांची सवय नव्हती. वातावरणात उंचावर असलेला ओझोनचा थर हे किरण अडवतो. 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, अंटार्क्टिकावर वसंत ऋतूत हा थर फार विरळ होतो. शीतकपाटे व फवाऱ्यांचे डबे यांत वापरलेले वायू त्याला कारण होते. तेथला वसंत म्हणजे आपले सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने. बर्फ वितळून झाडे डोके वर काढतात, नेमकी तेव्हाच डोक्यावरची छत्री फाटलेली!

तेथे झाडे तरी कोणती? फुले येणाऱ्या स्थानिक वनस्पती केवळ दोन. बाकी मॉस आणि दगडफूल. होय, आपल्या मसाल्यातील ‘पत्थर का फूल’, त्याचेच नातेवाईक! दगडफूल ही खरी वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. तेथील काही दगडफुले नारिंगी रंगाची असतात. हा रंगही प्रकाशापासून आतील शैवालाचे रक्षण करतो. सेराटोडॉन नावाचे मॉस आपली छत्री पेशीच्या भिंतीतच बसवते. त्यामुळे किरण आत पोहोचण्याआधीच अडतात. ज्या मॉसमध्ये अशी द्रव्ये कमी, त्याच्या डीएनएला इजा जास्त होते, असे प्रयोगांत दिसले आहे.

इजा झालीच तर दुरुस्तीही होते. वनस्पतींत एक विकर असते. ते प्रकाशाच्याच मदतीने चिकटलेल्या कड्या सोडवते. इजा करणाराही सूर्य आणि दुरुस्तीला बळ देणाराही सूर्य! माणसाच्या शरीरात हे विकर नाही. मात्र कडाक्याच्या थंडीत दुरुस्तीचे काम मंदावते. तेथील मॉसची खरी अडचण हीच आहे.

भारताचे ‘मैत्री’ केंद्र 1989 पासून व ‘भारती’ केंद्र 2012 पासून अंटार्क्टिकात आहे. भारती केंद्राजवळ मिळालेल्या एका मॉसची नवी जाती पंजाब केंद्रीय विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ओळखली. 2021 मध्ये ही बातमी आली. केंद्राच्या नावावरूनच त्या मॉसचे नाव ठेवले आहे.

1987 च्या माँट्रियल करारानंतर ते घातक वायू बनवणे जगाने हळूहळू थांबवले. ओझोनचा थर भरून येत आहे. पण अंटार्क्टिकावर तो 1980 सारखा व्हायला 2066 साल उजाडेल, असा अंदाज आहे. तोपर्यंत त्या इवल्याशा मॉसला स्वतःच्याच छत्रीवर भागवायचे आहे.

स्वाध्याय
1. अंटार्क्टिकातील वनस्पतींना वसंत ऋतूत जास्त त्रास का होतो?
2. ‘झाडाला पाय नाहीत’ असे लेखकाने का म्हटले आहे?
3. आंब्याच्या एका तांबूस पानाजवळ दोरा बांधा. ते किती दिवसांत हिरवे होते, ते वहीत लिहा.