शीतपिशवीतील पाणी : जेल आणि मीठ

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोना प्रतिबंधक लसीकरण सुरू झाले. त्या काळात एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, लसीच्या डब्यात जेलच्या पिशव्या का नाहीत? नुसते पाणीच का गोठवतात?” मी इतिहासाचा शिक्षक, तरीही पुराव्यानिशी उत्तर शोधणे ही माझ्या विषयाचीही शिस्त आहे.

शुद्ध पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते. १ ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो आणि पूर्ण वितळेपर्यंत त्याचे तापमान ० अंशावरच राहते. म्हणजे ४०० ग्रॅम बर्फ सुमारे ३२,००० कॅलरी उष्णता शोषू शकतो. शीतपिशवीचे खरे सामर्थ्य या अप्रकट उष्म्यात आहे.

जेलसाठी पाण्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटसारखा पदार्थ अल्प प्रमाणात घालतात. त्याचे रेणू अवाढव्य, पण संख्येने थोडे असतात. गोठणबिंदू किती खाली जाईल हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते, द्रवाच्या घट्टपणावर नव्हे. म्हणून असे जेलही ० अंशाच्या आसपासच गोठते. पिशवी फाटली तरी पाणी सांडत नाही, हा त्याचा लाभ. मीठ किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळल्यास मात्र गोठणबिंदू उतरतो आणि पिशवी फ्रीझरमध्येही मऊ राहते. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, ते याच कारणाने. सुमारे २३ टक्के मिठाचे पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते.

घरी प्रयोग करून पाहावा. तीन वाट्यांत साधे पाणी, पातळ खळ आणि खारट पाणी घेऊन रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे. पाणी व खळ कडक होतील. मीठ पुरेसे असल्यास तिसरी वाटी भुसभुशीत राहील.

आता मूळ प्रश्न. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत जपाव्या लागतात. हिपॅटायटीस-बी, पेंटाव्हॅलंट यांसारख्या लसी गोठल्या की निकामी होतात. मिठाचा आइसपॅक शून्याखाली राहून त्यांनाच गोठवील. म्हणून त्यात मीठ घालण्यास मनाई आहे. साधा आइसपॅकही फ्रीझरमधून काढताच डब्यात ठेवत नाहीत. त्यावर पाण्याचे थेंब जमून, हलवल्यावर आतला बर्फ खुळखुळेपर्यंत थांबतात.

नागपूरच्या मे महिन्यात अधिक थंड ते अधिक चांगले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बाळाच्या मांडीत जाणारी लस त्या समजुतीने वाया जाऊ शकते. ‘का?’ असे विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न म्हणूनच मोलाचा होता.