मुळांवरच्या गाठी : परसबागेतील एक प्रयोग

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण कोणतीही वनस्पती तो थेट घेऊ शकत नाही. वाल, चवळी, मूग यांच्या मुळांवर गाठी येतात. त्यांत राहणारे रायझोबियम वर्गातले जिवाणू हा नायट्रोजन पिकाला मिळवून देतात आणि पीक त्यांना साखर पुरवते. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी हे जिवाणू प्रथम वेगळे केले. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या जिवाणू संवर्धकाच्या पाकिटात तेच असतात.

नोकरीमुळे आम्ही चेन्नईजवळ ओरगडमला राहतो. आमच्या घरामागची जागा मुरुमाने भरलेली आहे. तिथे पूर्वी कधी शेंगवर्गीय पीक नव्हते. तमिळ शेजारी आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून, पेरणी करतात. मीही तेव्हाच चवळीच्या दोन ओळी लावल्या : एक संवर्धक लावून, एक साधी.

बीजप्रक्रिया सोपी आहे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम बियाण्याला अडीच ग्रॅम संवर्धक पुरते. पाण्यात थोडा गूळ उकळून ते पूर्ण थंड करावे, त्यात संवर्धक कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. जिवाणू जिवंत असतात. उन्हात आणि उष्ण जागी ते मरतात. म्हणून पाकिटावरची अंतिम तारीख आणि पिकाचे नाव पाहूनच घ्यावे. चवळीचे संवर्धक वाल, मुगाला चालते. सोयाबीनला वेगळे लागते. युरिया भरपूर दिला, तर गाठी कमी येतात.

पस्तिसाव्या दिवशी मी दोन्ही ओळींतले एकेक रोप मातीसकट खणून धुतले. संवर्धकाच्या ओळीत गाठी ठसठशीत होत्या. कापल्यावर आत गुलाबी निघाल्या. हा रंग गाठ काम करत असल्याची खूण. साध्या ओळीत मोजक्याच आणि पांढरट गाठी होत्या. शेजाऱ्यांच्या जुन्या शेतात मात्र दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या, कारण तिथे वर्षानुवर्षे चवळी होते आणि जिवाणू मातीतच असतात.

म्हणजे पाकीट प्रत्येक जमिनीला लागतेच असे नाही. शाळेच्या बागेत दोन ओळी लावा, रोप उपटून न काढता खणून काढा आणि गाठ कापून पाहा. पाकीट विकत घ्यायचे की नाही, हे तुमची माती सांगेल.