मारलेला मोहरा कोठे जातो?

संगणकाला बुद्धिबळ शिकवण्यासाठी १९५० साली क्लॉड शॅनन यांनी मोहऱ्यांना गुण दिले : वजीर ९, हत्ती ५, उंट व घोडा ३, प्यादे १. पण जोर असलेले प्यादे वजिराने मारले तर? एक गुण मिळतो, नऊ जातात! म्हणून मारामारी थांबल्यावरच गुण मोजावेत, असे त्यांनी सांगितले.

जपानमधील ओसाका शहरात शोगी हा बुद्धिबळासारखा खेळ लोकप्रिय आहे. शोगीत मारलेला मोहरा बाद होत नाही. मारणारा तो आपल्या बाजूने पुन्हा पटावर मांडू शकतो. समजा, पाच गुणांचा मोहरा गेला. आपले पाच घटले, प्रतिपक्षाचे पाच वाढले, फरक दहाचा! म्हणून शोगी खेळणाऱ्या संगणकाला पटावरचेच नव्हे, तर हातातले मोहरेही मोजावे लागतात.

मुलांनो, मोहरा मारण्यापूर्वी प्रतिपक्षाचे उत्तर पाहा.