परदेशी गेलेले काम आणि गावचा कारागीर

आपल्याकडील काम स्वस्त मजुरीच्या परमुलखात करवून घ्यावयाचे आणि तयार माल आपल्या पेढीच्या नावाने विकावयाचा, या पद्धतीस हल्ली आउटसोर्सिंग म्हणतात. या विषयावर बोलताना कापडाची किंवा संगणकाची उदाहरणे दिली जातात. परंतु व्यापारी बंधूंनी अभ्यासावे असे उदाहरण आपल्या समाजाच्या फार जवळचे आहे. ते हिऱ्यांचे होय.

बेल्जियममधील अँटवर्प शहराच्या पूर्वेस केम्पेन नावाचा रेताड जमिनीचा प्रदेश आहे. शेतीवर भागेना, म्हणून तेथील नेइलेन, ग्रोबेंडोंक इत्यादी खेड्यांतील लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम शिकले. घरामागील लहानशा कारखान्यात तेल व हिऱ्याची पूड लावलेली काही चाके आणि मोठ्या खिडक्यांतून येणारा उजेड, एवढे भांडवल पुरे होई. कच्चा माल अँटवर्पच्या व्यापाऱ्याचा, कसब कारागिराचे.

१९६० नंतरच्या काळात पालनपूरची जैन कुटुंबे अँटवर्पला स्थायिक होऊ लागली. ज्या बारीक व मळकट खड्यांकडे तेथील जुने व्यापारी फारसे पाहत नसत, ते खडे त्यांनी घेतले आणि पैलू पाडण्यासाठी सुरत-नवसारीकडे धाडले. १९६६ साली भारत सरकारने रत्ने व दागिने यांच्या निर्यातीसाठी स्वतंत्र परिषद स्थापन केली. पुढे ऑस्ट्रेलियातील आर्गाइल खाणीतून (ती २०२० साली बंद पडली) बारीक, तपकिरी झाक असलेला माल विपुल येऊ लागला, आणि तोही बहुतांशी भारतातच घडला.

हे का घडले, याचा हिशेब सोपा आहे. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. लाखो रुपयांचा माल एका लहान पुडीत मावतो. त्यामुळे विमानभाड्याचा बोजा जवळजवळ नाहीच. राहिली मजुरी. समजा, एक बारीक खडा शंभर रुपयांस विकला जातो आणि त्यास पैलू पाडण्यास गावी चाळीस रुपये व परदेशी पाच रुपये पडतात. तर तो खडा गावी राहणे शक्यच नाही. उलट दहा लाखांच्या खड्यात मजुरी नगण्य आणि चुकीची किंमत भयंकर. असा खडा उस्ताद कारागिराजवळच राहतो. म्हणूनच अँटवर्पला मोठ्या खड्यांचे थोडे काम उरले, आणि बारीक खड्यांवर जगणारी केम्पेनची खेडी रिकामी पडली. हजारोंनी मोजले जाणारे कारागीर आज शेकड्यांवर आले आहेत. नेइलेन व ग्रोबेंडोंक येथे जुनी चाके संग्रहालयात पाहावयास मिळतात.

व्यापारी मात्र अँटवर्पलाच राहिला. काम कोठे करवून घ्यावयाचे हे ठरविणे त्याच्या हाती होते. खेड्यातील कारागिराच्या हाती केवळ आपले चाक होते. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण या उलाढालीचा लाभ आपल्याच बांधवांच्या पदरी पडला. अँटवर्पजवळील विल्राइक येथील सुंदर जिनमंदिर त्या समृद्धीची साक्ष देते. तो लाभ अनीतीचा होता असे आम्ही म्हणत नाही. सुरतेतील लाखो घरांत त्यामुळे चूल पेटली, हेही तितकेच खरे.

पण आता पाळी सुरतेची आहे. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात घडतात, आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका. प्रयोगशाळेतील हिऱ्यांनी भाव आधीच पाडले होते. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात पन्नास टक्क्यांवर नेली. मोठ्या पेढ्यांची अन्य देशांत कार्यालये आहेत. सौराष्ट्रातील चार घंट्यांच्या (पैलू पाडण्याच्या चाकास तिकडे घंटी म्हणतात) कारखानदाराजवळ असे काही नाही; त्याची स्थिती केम्पेनच्या कारागिराहून निराळी म्हणता येत नाही.

बेळगावच्या ज्या फौंड्रीवाल्या बंधूंकडे परदेशी यंत्रांचे ओतीव भाग बनतात, त्यांनी एकदा स्वतःची वही याच दृष्टीने चाळावी. मालाच्या किमतीत मजुरीचा हिस्सा किती, साचा कोणाच्या मालकीचा, आणि वर्षाच्या विक्रीपैकी किती रक्कम एकाच गिऱ्हाइकाकडून येते, हे तीन आकडे बहुतेकांनी एका कागदावर कधी मांडलेले नसतात. ओतीव भाग वजनदार असल्याने जहाजभाडे काही काळ त्यांचे रक्षण करील. हिऱ्याच्या कारागिराला तेवढाही आडोसा नव्हता.